वाचक विचारतात : पाहणे, दिसणे आणि पाहतच राहणे

गेल्या अंकात या सदरात युरोपातल्या जुन्या शिलेदारी काव्यांविषयी एका पत्राला थोडक्यात उत्तर दिले होते. ‘नाइट’साठी मी ‘शिलेदार’ हा शब्द योजला, कारण पदरचा घोडा आणि पदरची हत्यारे घेऊन चाकरीला उभा राहणारा स्वार ही मूळची ओळख दोन्हीकडे जुळते. त्या उत्तरानंतर अमळनेर, धुळे, शहादा, भुसावळ आणि चोपडा येथून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : या काव्यांतली माणसे सारखी पाहत असतात आणि सारखी थक्क होत असतात, ते का? म्हणून या वेळची सगळी जागा त्याच प्रश्नाला दिली आहे.

प्रश्न : नातीच्या अभ्यासक्रमात ‘रोलाँचे गीत’ हे जुने फ्रेंच काव्य आणि ‘ओर्लांदो फ्युरिओसो’ हे इटालियन काव्य यांचे इंग्रजी उतारे आहेत. ती वाचून दाखवते तेव्हा ‘त्याने पाहिले’, ‘तिने पाहिले’, ‘नवलाचे’, ‘अद्भुत’ हे शब्द इतक्यांदा येतात की मला ते कवीचे शब्ददारिद्र्य वाटते. आम्ही निबंधात एकच शब्द पुन्हा आला की लाल रेघ मारत असू. माझे चुकते आहे का? (एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर)

बाई, लाल रेघ निबंधाच्या वहीसाठी राखून ठेवावी. इथे ती ओढली तर जे वाचायचे नेमके तेच खोडले जाईल.

लॅटिनमध्ये ‘मिरारी’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ नवल वाटणे, नवलाने पाहणे. त्यातून ‘मिराबिलिया’, म्हणजे नवलाच्या गोष्टी, हा शब्द झाला. त्याचेच जुन्या फ्रेंचमध्ये ‘मेर्वेय’ आणि इटालियनमध्ये ‘माराविल्या’ झाले. स्पॅनिशमध्ये ‘मिरारी’चे ‘मिरार’ झाले आणि त्याचा अर्थ आज नुसता ‘बघणे’ एवढाच उरला आहे. इंग्रजीतला आरसा, म्हणजे ‘मिरर’, हाही त्याच घरचा. थोडक्यात, या भाषांत पाहणे आणि नवल वाटणे ही एकाच पोटची भावंडे आहेत. (आपले ‘मिरवणे’ मात्र त्यांच्या नात्यातले नाही. ते निव्वळ ध्वनिसाम्य आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा व्युत्पत्ती आमच्याकडे चहाच्या टपरीवर रोज जन्माला येतात.)

‘रोलाँचे गीत’ हे इसवी सन ११००च्या सुमाराचे काव्य असून ऑक्सफर्डच्या हस्तलिखितात त्याच्या ४००२ ओळी आहेत. ७७८ साली पिरेनीज पर्वताच्या खिंडीत फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या सैन्याच्या पिछाडीवर हल्ला झाला, त्या प्रसंगावर ते उभे आहे, आणि त्या पिछाडीचा नायक रोलाँ. या काव्यात ‘नवलाचे’ हे विशेषण बहुधा चमत्काराला लागत नाही. खिंड नवलाची आहे, लढाई ‘नवलाची आणि भारी’ आहे, रोलाँच्या मरणाआधी फ्रान्सवर उठलेले वादळ नवलाचे आहे. जे डोळ्यांत मावत नाही आणि छातीवर दडपण आणते, ते नवलाचे. आपण ‘अचाट’ म्हणतो त्याच्या जवळ जाणारा हा अर्थ आहे.

रोलाँचा मित्र ऑलिव्हिए एका टेकडीवर चढतो, उजवीकडच्या गवताळ दरीकडे नजर टाकतो आणि त्याला शत्रूचे अफाट सैन्य येताना दिसते. तो खाली येऊन रोलाँला शिंग फुंकायला सांगतो, म्हणजे शार्लमेन मागे वळेल. रोलाँ नकार देतो. काव्यात संकट प्रथम ज्याने पाहिले तो हा ऑलिव्हिए. आणि पुढे, मरणाची जखम झाल्यावर, रक्तस्रावाने त्याच्याच डोळ्यांवर अंधारी येते, जवळचा-लांबचा कोणी ओळखू येत नाही, आणि समोर आलेल्या रोलाँच्याच शिरस्त्राणावर तो तलवार हाणतो. रोलाँ रागावत नाही. हळुवारपणे विचारतो, सोबत्या, हे तू जाणूनबुजून केलेस का? ऑलिव्हिए म्हणतो : आता तुझे बोलणे ऐकू येते, पण तू मला दिसत नाहीस. देव तुला पाहो.

या शेवटच्या वाक्यात क्रियापद तेच, टेकडीवरचेच आहे. ‘देव तुला पाहो’ म्हणजे देव तुझा सांभाळ करो. आपणही ‘म्हाताऱ्या आईकडे कोण बघतं?’ असे विचारतो, तेव्हा बघणे म्हणजे सांभाळणेच असते. हजारभर ओळींपूर्वी ज्या क्रियापदाने सैन्य दाखवले, त्याच क्रियापदाने मरणारा माणूस मित्राला देवाच्या स्वाधीन करतो. मधल्या ओळींत कवीने शब्द बदलत ठेवले असते तर हा धागा आपल्या हाती लागला नसता.

आरिओस्तोची गोष्ट वेगळी. लुदोव्हिको आरिओस्तो हा इटलीतल्या फेरारा दरबारचा कवी. त्याचे ‘ओर्लांदो फ्युरिओसो’, म्हणजे ‘वेडा झालेला ओर्लांदो’ (ओर्लांदो हे रोलाँचेच इटालियन नाव), १५१६ मध्ये ४० सर्गांत छापले गेले आणि १५३२च्या आवृत्तीत त्याचे ४६ सर्ग झाले. चौथ्या सर्गाच्या आरंभी ब्रादामान्ते ही शिलेदार स्त्री एका खाणावळीत उतरली आहे. बाहेर एकदम गलका होतो. ती उठून जाते आणि पाहते तो खाणावळवाला आणि त्याचे सगळे घर, कोणी खिडक्यांत, कोणी रस्त्यात, डोळे आणि भुवया आभाळाकडे लावून उभे आहेत, जणू ग्रहण किंवा धूमकेतूच लागला आहे. मग ती सहजी विश्वास बसू नये असे एक मोठे नवल पाहते. आणि त्यानंतर ती पाहते की पंखांचा एक भला मोठा घोडा शस्त्रसज्ज स्वाराला घेऊन हवेतून चालला आहे.

आठ ओळींच्या एका कडव्यात ‘पाहते’ तीन वेळा आहे, आणि तिन्ही वेळा त्याचे काम निराळे आहे. पहिल्यांदा ब्रादामान्ते घोडा पाहतच नाही, घोडा पाहणारी माणसे पाहते. दुसऱ्यांदा तिला ‘काहीतरी नवल’ दिसते, पण त्याला अजून नाव नाही. तिसऱ्यांदा घोडा येतो. तोवर आपण, वाचक, मान वर करून कधीचे उभे आहोत.

या कडव्याची खरी प्रचीती मला पुस्तकात आली नाही, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आली. दत्तजयंतीला तापीकाठी ही यात्रा भरते. तिथे उशिरा पोचले की गर्दीच्या मागे उभे राहावे लागते, आणि मागे उभे राहिले की घोडा दिसत नाही, पाठी आणि माना दिसतात. त्या दिवशी माझ्यापुढे एक आजोबा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या चाकावर एक पाय ठेवून चढलेले होते. हातातला उसाचा कांडका तोंडापर्यंत नेलेला, आणि तिथेच थांबलेला. त्यांच्या डोळ्यांची पापणी लवत नव्हती. पलीकडे नाल वाजले, शिट्ट्या झाल्या, एक पोरगे ‘देख, देख!’ म्हणून ओरडले, आणि मग गर्दी जरा फाकली तेव्हा मागच्या दोन पायांवर उभा झालेला एक पांढराशुभ्र नुकरा मला दिसला. घोडा चांगलाच होता. पण आज आठवतो तो उसाचा कांडका.

भरताच्या नाट्यशास्त्राने अद्भुत रसाचे अनुभाव, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या खुणा, सांगताना नयनविस्तार, अनिमेष प्रेक्षण, रोमांच, साधुवाद अशी जी यादी दिली आहे, तीत एकही गोष्ट पाहिल्या जाणाऱ्या वस्तूची नाही. सगळ्या पाहणाऱ्याच्या शरीराच्या आहेत. त्याच ग्रंथात ‘वीराच्चैवाद्भुतोत्पत्तिः’ असेही म्हटले आहे, म्हणजे अद्भुत रस वीरातून उत्पन्न होतो. शिलेदारी काव्यात ‘पाहिले’ आणि ‘नवल’ ही जोडी का सुटत नाही, याचे उत्तर त्या एका चरणात आहे. पराक्रम करणारा एक असतो, पण तो अद्भुत ठरायला पाहणारा दुसरा लागतो.

प्रश्न : मी पदव्युत्तर वर्गात तुलनात्मक साहित्य शिकतो. इटालियन कवी तास्सोच्या काव्यातील काही कडव्यांचा मराठी अनुवाद करायचा आहे. ‘माराविल्या’ला नवल म्हणावे, आश्चर्य म्हणावे, विस्मय म्हणावे की अद्भुत? आणि ‘पाहणे’साठी नेमका शब्द कोणता घ्यावा? (एक विद्यार्थी, धुळे)

आपल्या चारही शब्दांचे तोंड वेगवेगळ्या दिशेला आहे. ‘नवल’ हे ‘नव’मधून आलेले, म्हणजे आजवर न पाहिलेले. ‘आश्चर्य’ हा शब्द पाणिनीने ‘आश्चर्यमनित्ये’ या सूत्रात सिद्ध केला आहे, तेव्हा त्याचा भर नित्य न घडण्यावर आहे. ‘अद्भुत’ची फोड निरुक्तकार यास्काने ‘अभूतमिव’, जणू पूर्वी न झालेले, अशी केली. हे तिन्ही शब्द वस्तूविषयी बोलतात. ‘विस्मय’ तेवढा पाहणाऱ्याच्या चेहऱ्याविषयी बोलतो, कारण त्याच्या पोटात ‘स्मि’, म्हणजे स्मित करणे, हा धातू आहे. कडव्यात वस्तू पुढे असेल तर नवल किंवा अद्भुत घ्यावे, चेहरा पुढे असेल तर विस्मय. ‘आश्चर्य’ हा शब्द वर्तमानपत्रांनी इतका झिजवला आहे की मी तो शक्यतो टाळीन, पण हा माझ्या कानाचा प्रश्न झाला.

क्रियापदाचा प्रश्न अधिक गोड आहे, कारण तिथे मराठी श्रीमंत आहे. पाहणे, बघणे, न्याहाळणे, निरखणे हे झालेच. ‘देखणे’ क्रियापद म्हणून प्रमाण मराठीत मागे पडले आणि ‘देखणा’ या विशेषणात तेवढे उरले, तरी अहिराणीत ते अजून रोज राबते, आणि सारंगखेड्याच्या त्या पोराने तेच वापरले. परंतु खरी संपत्ती ‘पाहणे’ आणि ‘दिसणे’ यांच्या भेदात आहे. ‘मी पाहतो’ यात कर्ता मी. ‘मला दिसते’ यात मी चतुर्थीत जाऊन बसतो आणि वाक्याची सूत्रे वस्तूच्या हाती जातात. वर सांगितलेल्या टेकडीच्या प्रसंगात जुन्या फ्रेंचमध्ये नजर टाकण्याचे क्रियापद वेगळे आणि दिसण्याचे वेगळे आहे. मराठीत ते ‘ऑलिव्हिएने पाहिले आणि त्याला दिसले’ असे विनासायास उतरते.

आता तास्सो. तोर्क्वातो तास्सोचे ‘जेरुसालेम्मे लिबेराता’, म्हणजे ‘मुक्त झालेले जेरुसलेम’, १५८१ मध्ये २० सर्गांचे म्हणून प्रसिद्ध झाले. पहिल्या सर्गात तांक्रेदी हा ख्रिस्ती शिलेदार लढून थकलेला, तहानेला एका झऱ्याशी येतो आणि तिथे विसाव्याला थांबलेली, शस्त्रे ल्यालेली पण चेहरा उघडा असलेली क्लोरिंदा त्याच्या दृष्टीस पडते. ती शत्रुपक्षाची आहे. तिथे तास्सो लिहितो ‘मिरोल्ला, एद् अम्मिरो’, आणि लगेच पुढे ‘ओ मेराविल्या!’ असा उद्गार काढतो. त्याने तिला पाहिले, आणि तिचे नवल मानले, आणि काय हे नवल! तीन ओळींत एकाच मुळाचे तीन कोंब. मराठीत याला शब्दशः भिडू नये, कारण पाहणे आणि नवल यांचे मूळ आपल्याकडे एक नाही. पण आपल्याकडे एक ‘च’ आहे. ‘त्याने तिला पाहिले, आणि पाहतच राहिला.’ तास्सोने उपसर्गाने जे साधले ते मराठीने एका अक्षरात साधले आहे, आणि तेही घराघरांतल्या बोलण्यातले.

त्याच जोडीचा बाराव्या सर्गातला प्रसंग अनुवादकाची परीक्षा पाहणारा आहे. रात्रीच्या अंधारात तांक्रेदी एका अनोळखी शत्रूशी झुंजतो आणि त्याला प्राणघातक जखम करतो. मरता मरता तो शत्रू बाप्तिस्मा मागतो. तांक्रेदी जवळच्या ओहळातून आपल्या शिरस्त्राणात पाणी आणतो, अजून न ओळखलेल्या त्या कपाळावरचे शिरस्त्राण सोडवू लागतो, आणि त्याचा हात थरथरतो. मग : ‘ला विदे, ला कोनोब्बे’, त्याने तिला पाहिले, तिला ओळखले, आणि वाचा आणि हालचाल दोन्ही गेली. ती क्लोरिंदा असते. पहिल्या भेटीतही झरा होता, इथेही पाणी आहे. पहिल्या भेटीत चेहरा आधी दिसला आणि मग तिने शिरस्त्राण चढवले, इथे क्रम उलटा आहे.

इथे ‘विदे’ला ‘पाहिले’ म्हणावे की ‘दिसली’? मी ‘दिसली’ म्हणेन. झऱ्याकाठी त्याच्या डोळ्यांनी काही घेतले होते, इथे त्याच्यावर काही कोसळले आहे. ‘ती दिसली. ओळखली.’ एवढेच लिहावे आणि पुढे ‘हाय’, ‘अरेरे’ यांची रांग लावू नये. तास्सोने दोन उद्गार काढले आहेत हे खरे, पण इटालियन उद्गार मराठीत आले की संगीत नाटकातला नट पुढे आल्यासारखे वाटते.

प्रश्न : पंखांचा घोडा, जादूची अंगठी, चंद्रावरची स्वारी. हे सगळे त्या काळच्या लोकांना खरे वाटत होते का? आणि खोटे ठाऊक असेल तर नवल कसले? (एक शेतकरी वाचक, शहादा)

आपण सारंगखेड्याच्या शेजारचे, तेव्हा घोड्यापासूनच सुरुवात करू. तो पंखांचा घोडा जादूचा नाही, अगदी खरा आहे, अशी ग्वाही आरिओस्तो देतो, आणि पुढे घोडेबाजारातल्या दलालाच्या थाटात त्याची पैदास सांगतो : आई घोडी, बाप ग्रिफिन, म्हणजे गरुडाच्या तोंडाचा आणि सिंहाच्या अंगाचा प्राणी. पिसे, पंख, पुढचे पाय, डोके आणि चोच बापावर गेली, बाकीचे सगळे अंग आईवर. असे घोडे गोठलेल्या समुद्रापलीकडच्या रिफी पर्वतात होतात, पण क्वचित. त्या ‘क्वचित’वर लक्ष ठेवावे. थाप पचवायची असेल तर तीत एक खरेपणाची अट घालावी लागते, हे कोणत्याही बाजारात मुरलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. अविश्वसनीय काही सांगायचे झाले की आरिओस्तो तुर्पिन नावाच्या जुन्या बिशपची साक्ष काढतो, आणि थाप जितकी मोठी तितकी साक्ष ठाम, हे त्याच्या दरबारी श्रोत्यांना पुरते ठाऊक होते.

म्हणजे खरे मानणे आणि नवल वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तास्सोला मात्र हे चालत नव्हते. १५८७ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या काव्यविषयक विवेचनात त्याने असा मार्ग काढला की एकच घटना माणसाच्या शक्तीच्या मापाने पाहिली तर अद्भुत असते, आणि देवाच्या, देवदूतांच्या किंवा सैतानाच्या शक्तीने घडली असे मानले तर संभाव्य ठरते. युक्तिवाद पक्का आहे. पण खरे सांगायचे तर त्याच्या मंतरलेल्या अरण्यापेक्षा मला आरिओस्तोचा खाणावळवाला अधिक पटतो, जो त्या घोड्यावरचा स्वार मांत्रिक आहे आणि इथून नेहमी जातो म्हणून ब्रादामान्तेला सांगतो, आणि तरीही दर वेळी घरादाराला घेऊन खिडकीशी धावतो.

चंद्राविषयी दोन वाक्ये. वेड्या झालेल्या ओर्लांदोचे हरवलेले भान आणायला आस्तोल्फो हा शिलेदार चंद्रावर जातो. पृथ्वीवरून इवलासा दिसणारा चंद्र तिथे केवढा तरी मोठा निघतो, आणि पृथ्वी दिसावी म्हणून त्यालाच डोळे बारीक करावे लागतात. माणसांनी गमावलेले सगळे तिथे साठलेले आहे, फक्त वेडेपणा नाही, कारण तो पृथ्वी सोडून कधी जातच नाही. पुढे १६१०मध्ये दुर्बिणीतून पाहिलेल्या चंद्रावरचे डोंगर जगाला सांगणारा गॅलिलिओ आरिओस्तोचा भक्त होता आणि तास्सोवर त्याने कडक टीका लिहिली. ज्याने आयुष्यभर खरे पाहण्याचा हट्ट धरला, त्याला थापाड्या कवी जवळचा वाटला, हे आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर समजावे.

प्रश्न : या काव्यांत पाहणारे पुरुष आणि पाहिल्या जाणाऱ्या बायका, एवढेच आहे ना? त्याचे इतके कौतुक कशाला? (एक वाचक भगिनी, भुसावळ)

आपला आक्षेप रास्त आहे आणि त्याला पुरावाही आहे. आरिओस्तोच्या आधीचा इटालियन कवी बोयार्दो याच्या ‘ओर्लांदो इन्नामोरातो’मध्ये, म्हणजे ‘प्रेमात पडलेला ओर्लांदो’मध्ये, आंजेलिका ही सुंदरी शार्लमेनच्या मेजवानीत चार राक्षसी देहाच्या रक्षकांसह येते आणि सगळा दरबार, म्हाताऱ्या सरदारांसकट, तिच्याकडे पाहत राहतो. कवीने १४९४ मध्ये मरताना अर्धे टाकलेले हे काव्य त्या एका पाहण्यातून सुरू होते. पण त्याच आंजेलिकेला पुढे नेणाऱ्या आरिओस्तोने पाहणाऱ्या पुरुषाची जी फजिती केली आहे, तीही आपण वाचावी.

दहाव्या सर्गात ती समुद्रकाठच्या खडकाला साखळीने बांधलेली, विवस्त्र, एका सागरी राक्षसाचे भक्ष्य म्हणून ठेवलेली आहे. रुज्जेरो हा शिलेदार पंखांच्या घोड्यावरून येतो आणि ती संगमरवरी पुतळा आहे असेच त्याला वाटले असते, जर त्याला गालावरचा अश्रू आणि वाऱ्याने हलणारे केस दिसले नसते. पुतळा समजून पाहणाऱ्या डोळ्याला एका थेंबाने माणूस दाखवला, हे कवीला ठाऊक आहे. तो तिच्या बोटात एक अंगठी घालतो, तिला सोडवतो, आणि लगेच स्वतःच राक्षस बनायच्या बेतात येतो. चिलखत उतरवण्याच्या घाईत एक बंद सोडतो तोवर दोन गाठी बसतात. तेवढ्यात आंजेलिकेला आठवते की ही अंगठी मूळची आपलीच, आणि ती तोंडात धरली की माणूस अदृश्य होतो. ती अंगठी तोंडात टाकते. रुज्जेरो झऱ्याभोवती आंधळ्यासारखा चाचपडत फिरतो आणि वाऱ्याला मिठ्या मारतो.

आणि पाहणाऱ्या स्त्रिया नाहीत असे नाही. खाणावळीच्या दारातून घोडा पाहणारी ब्रादामान्ते स्त्रीच आहे. त्या घोड्यावरचा मांत्रिक आपली झळाळणारी ढाल उघडून भल्याभल्यांना डोळे दिपवून लोळवतो. ब्रादामान्ते त्याच अंगठीच्या बळावर त्याला जिंकते, कारण ती बोटात असली की जादू चालत नाही. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही आपली म्हण आहे, आणि त्या काव्यात न फसणारी पहिली व्यक्ती बाई आहे.

प्रश्न : आपल्या पोवाड्यात ‘ऐका’ म्हणतात, ‘पाहा’ नाही. मग आपले वीरकाव्य कानाचे आणि त्यांचे डोळ्यांचे, असे म्हणता येईल का? (एक शाहिरीचे अभ्यासक, चोपडा)

नाही. बोयार्दोचे पहिलेच कडवे जमलेल्या सरदारांना शांत राहून ऐकायला सांगते, आणि रोलाँचे गीत तर गाऊनच दाखवले जाई. शाहीर ‘ऐका’ म्हणतो ते डफाच्या थापेपुढच्या माणसांना, आणि मग तो त्यांना प्रतापगडाचा शामियाना दाखवतो. दोन्हीकडे वाट कानातून आहे.

प्रश्न : ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायात अर्जुन विश्वरूप पाहून स्तब्ध होतो. अद्भुताची परमावधी मौन हीच, असे या पाश्चात्त्य काव्यांतही मानले आहे का? (एक वाचक, अमळनेर)

अकराव्या अध्यायाच्या दाराशीच ज्ञानदेवांनी ‘जेथ शांताचिया घरा । अद्भुत आला आहे पाहुणेरा’ असे म्हटले आहे, आणि पाहुणा म्हणून आलेला अद्भुत घरात गोंधळ घालत नाही, हे त्यात आले. पण अर्जुन स्तब्ध होऊन राहत नाही. तो बोलतो, वर्णन करतो, आणि गीतेत तर ‘आख्याहि मे को भवानुग्ररूपः’, हे उग्ररूपा, तू कोण ते मला सांग, असे सरळ विचारतो.

शिलेदारी काव्यात न विचारण्याची फार मोठी किंमत मोजणारा एक नायक आहे. क्रेतिएँ द त्र्वा या फ्रेंच कवीने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात रचलेल्या, अपुऱ्या राहिलेल्या काव्यातला हा पेर्सव्हाल. त्याला आईने रानात, शिलेदारांपासून दूर वाढवले आहे. एके दिवशी त्याला झाडीतून शस्त्रांचा खणखणाट ऐकू येतो आणि तो म्हणतो, हे सैतान असणार. मग ते पाच जण उजेडात येतात, चिलखते उन्हात झळकतात, पांढरा, तांबडा, सोनेरी, निळा रंग दिसतो, आणि तो म्हणतो, हे देवदूत. त्यातल्या सर्वांत देखण्याला तो विचारतो : आपण देव आहात का? नाही, मी शिलेदार आहे. मग त्याचे प्रश्न थांबत नाहीत. हे काय, भाला. हे काय, ढाल. आपण हे अंगावर घेऊनच जन्मलात का? शिलेदाराला दुसरेच काही विचारायचे आहे, पण पोरगे त्याला बोलू देत नाही.

घर सोडून तो निघतो तेव्हा मागे वळून पाहतो. पुलाच्या टोकाशी आई कोसळलेली दिसते. तो घोड्याला चाबूक मारतो. पुढे एक वडीलधारा शिलेदार त्याला शिकवतो की फार बोलू नये. आणि म्हणून, जखमी राजाच्या वाड्यात, टोकातून रक्त ठिबकणारा भाला आणि ग्राल नावाचे झगझगीत पात्र त्याच्या डोळ्यांसमोरून जातात तेव्हा त्याला विचारावेसे वाटते, तरी तो विचारत नाही. सकाळी वाडा ओस पडलेला असतो. नंतर त्याला कळते की त्याने विचारले असते तर राजा बरा झाला असता. आपण म्हणता तशी परमावधी मौनात असती, तर हा मुलगा त्या रात्री सिद्ध पुरुष ठरला असता.

तरीही आपल्या म्हणण्याला आधार देणारा एक प्रसंग त्याच काव्यात आहे. बर्फ पडलेली सकाळ. ससाण्याने एका रानहंसीला जखमी केले आहे आणि तिच्या रक्ताचे तीन थेंब बर्फावर पडले आहेत. पांढऱ्यावरचे ते तांबडे पाहून पेर्सव्हालला प्रियेचा चेहरा आठवतो, आणि तो भाल्यावर रेलून ते थेंब पाहत राहतो. राजा आर्थरच्या छावणीतून त्याला बोलवायला एक शिलेदार येतो, दुसरा येतो. दोघांनाही तो न बोलता घोड्यावरून पाडतो आणि पुन्हा भाल्यावर रेलतो. तिसरा गोव्हाँ येतो. हा समजूतदार, दुरूनच ओळखतो की हा माणूस कशात तरी गढला आहे. तो येईपर्यंत ऊन वर आले आहे, दोन थेंब बर्फात विरून गेले आहेत आणि तिसरा फिकट होत चालला आहे. तेव्हा पेर्सव्हाल बोलतो.